फिश टँकमधले खडे काढून वाळू घालायची आहे? आधी ‘विरजण’ सांभाळा



अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर करत गंगापूर गावाकडे आणि पुढे धरणाच्या बाजूला जातो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या बंगल्यांत, फ्लॅटमध्ये, दवाखान्यांच्या बसायच्या खोलीत फिश टँक ठेवलेले दिसतात. गंगापूर, गोवर्धन, जलालपूर, सावरगाव, दुगाव या बाजूच्या आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं घरकामाला, स्वयंपाकाला जातात. टँकची काच पुसणं, माशांना खाणं टाकणं ही कामं न सांगताच अंगावर येतात. मग एखाद दिवशी घरच्या ताई म्हणतात, “हे रंगीत खडे नकोत आता. काढून बारीक वाळू टाकू या. तुम्हीच करा ना, वेगळे पैसे देते.”

ऐकायला काम सोपं आहे. खडे काढले, वाळू ओतली, पाणी भरलं, झालं. पण असं एका दुपारी उरकलेल्या कामाचा त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो. मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, खाणं सोडतात आणि एकेक करून मरतात. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. दोष कुणावर येतो? काम करणाऱ्या बाईवर. मासे जातात, ठरलेले पैसे हातात येत नाहीत, आणि त्या सोसायटीतलं पुढचं कामही जातं.

म्हणून या अंकात हे काम नीट समजून घेऊ. स्वतःच्या घरी मुलांनी हौसेनं टँक ठेवला असेल तरी हीच पद्धत उपयोगी पडेल, आणि गटातल्या दोघी-तिघींनी मिळून कामं घ्यायची ठरवली तरीही.

खड्यांत काय राहतं?

गोठा दोन दिवस साफ केला नाही तर नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनिया. मासेही पाण्यातच श्वास घेतात, पाण्यातच घाण करतात. त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. नदीत पाणी भरपूर असतं, वाहतं असतं. टँकमध्ये तेच ते पाणी. हा अमोनिया साठला तर माशांचे कल्ले भाजल्यासारखे होतात.

मग रोजच्या टँकमध्ये मासे जगतात कसे? कारण तिथं दोन प्रकारचे जीवाणू कामाला असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, त्यानं माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडंफार असलं तरी माशांना सोसतं, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते बाहेर जातं.

शेतीत तुम्ही हे रोज बघता. शेतात टाकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो, मग जमिनीतले असेच जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि पीक ते उचलतं. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं मातीतले हे जीवाणू ओळखून दाखवले. शेतात आणि टँकमध्ये काम एकच चालतं.

आता मुद्दा असा, की हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, शोभेच्या दगडावर आणि सगळ्यात जास्त जागा मिळते म्हणून तळाच्या खड्यांवर. ज्या टँकला फिल्टर लहान आहे, तिथं बरेचसे जीवाणू खड्यांतच असतात. सगळे खडे एका वेळी उचलून बाहेर टाकले म्हणजे पाणी साफ करणारी ही फौजच बाहेर टाकली. नवी फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साठतो, आणि डोळ्यांना तो दिसत नाही.

घरात विरजण संपलं तर दही लागत नाही, म्हणून आपण थोडं बाजूला काढून ठेवतोच. टँकचं तसंच आहे. खडे बदला, पण विरजण सांभाळा. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

वाळू कशासाठी आणि कधी नको

वाळू नुसती दिसायला छान म्हणून नसते. तळाशी फिरणारे काही मासे असतात, दुकानात त्यांना कोरी किंवा कॅटफिश म्हणतात. त्यांना ओठाजवळ मऊ मिशा असतात आणि त्या मिशांनी ते तळ चाचपून खाणं शोधतात. धारदार खड्यांनी या मिशा झिजतात. गोल्डफिशला तर तळ तोंडात घेऊन, चाळून थुंकायची सवय असते. मध्यम आकाराचा खडा कधी कधी त्याच्या तोंडात अडकतो. वाळूत हा धोका नाही.

दुसरा फायदा घाणीचा. खड्यांच्या फटीत उरलेलं खाणं खोल जाऊन कुजतं. वाळूत फटी बारीक असतात, म्हणून घाण वरच राहते, दिसते आणि नळीनं ओढून काढता येते. पण ती दर आठवड्याला काढावी लागते. घरातल्या कुणाचं त्याकडे लक्ष नसेल तर वाळूवर घाणीचा थर दिसत राहील. हे आधीच सांगून टाका. ज्या घरी फक्त गप्पी, मोली असे वरवर फिरणारे मासे आहेत आणि खडे गोल, गुळगुळीत आहेत, तिथं बदलायची गरजच नाही. “ताई, खडेच नीट साफ करून देते,” असं सांगितलंत तर काम लहान होईल, पण विश्वास बसेल.

काम घेण्याआधी या चार गोष्टी बघा

१) तळाला जाळी आहे का? जुन्या टँकमध्ये खड्यांच्या खाली प्लॅस्टिकची जाळीदार पाटी असते आणि कोपऱ्यात एक नळी वर आलेली असते. त्यात हवेचे बुडबुडे दिसतात. इथं खडे हाच फिल्टर असतो. अशा टँकमध्ये वाळू घातली तर ती जाळीतून खाली पडते, फटी बुजतात आणि फिल्टर बंद पडतो. म्हणून आधी वेगळा स्पंज फिल्टर बसवायला सांगा. तो जुन्या जाळीसोबत किमान चार ते सहा आठवडे चालू दे. त्यानंतरच खड्यांना हात लावायचा.

२) टँक केवढा? साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये ५५ लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५५ किलो. काच, वाळू वेगळी. पाणी असलेला टँक कधीही सरकवायचा नाही. काचेचे जोड सुटतात.

३) मासे किती आणि कोणते? लहान टँकमध्ये मोठे गोल्डफिश दाटीवाटीनं असतील तर घाण जास्त होते, म्हणून काम जास्त दिवसांत विभागा.

४) पाणी कुठलं? नाशिक शहराच्या नळाला येणारं बरंचसं पाणी गंगापूर धरणातलं. ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन घातलेलं असतं. गावात टाकीत टीसीएल पावडर टाकतात, तीही क्लोरीनसाठीच. आपल्याला ते पाणी प्यायला चांगलं, पण माशांच्या कल्ल्यांना आणि आपल्या त्या जीवाणूंना मारक. नळाचं पाणी उघड्या बादल्यांत २४ तास ठेवून, मधून मधून ढवळून वापरा. किंवा माशांच्या दुकानात क्लोरीन घालवण्याचे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीन नसतं, पण ते बहुधा जड असतं. टँकमध्ये एरवी जे पाणी वापरतात तेच पुढेही वापरा. पाणी अचानक बदलू नका.

वाळू कोणती घ्यायची?

पहिली गोष्ट, नदीत उतरून वाळू आणायची नाही. वाळू हे गौण खनिज आहे. परवान्याशिवाय उपसा केला तर गुन्हा होतो, मग ती एक गोणी का असेना. शिवाय त्या वाळूत काय मिसळलंय हे आपल्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट, बांधकामाची क्रश सँड नको. दगड फोडून केलेली असल्यानं तिचे कण धारदार असतात आणि तिच्यात बारीक भुकटी खूप असते. माशांच्या मिशा वाचवायच्या म्हणून खडे काढले आणि धारदार वाळू घातली, तर काम करून काय उपयोग?

घ्यायची ती सिलिका वाळू. पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमध्ये, पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये ती वापरतात, म्हणून तिला फिल्टरची वाळूही म्हणतात. माशांच्या दुकानात लहान पिशव्यांत मिळते. कण जाड रव्यापासून बारीक साबुदाण्यापर्यंत असावेत. मैद्यासारखी बारीक वाळू घट्ट बसते, खाली हवा जात नाही आणि पाणी गढूळ राहतं. रंग दिलेली वाळू टाळा.

आणलेली वाळू आधी तपासा. काचेच्या ग्लासात चमचाभर कोरडी वाळू घ्या आणि त्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसली तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा आहे. अशी वाळू पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करते. आपल्या नाशिकच्या काळ्या दगडात ज्या पांढऱ्या गाठी दिसतात, त्यांतल्या काही कॅल्साइटच्या असतात, त्याही अशाच फसफसतात. म्हणून इथली कुठलीही वाळू न तपासता घालू नका. नुसती शांत बसली तर वाळू चालेल.

किती लागेल? थर दीड ते दोन इंचांचा पुरे. दोन फूट बाय एक फूट टँकला त्या हिशेबानं ११ ते १५ किलो वाळू लागते. धुताना थोडी वाहून जाते, म्हणून किलोभर जास्त घ्या. थर दोन इंचांच्या वर नेऊ नका. खोल वाळूत हवा पोचत नाही, तिथं काळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू माशांना घातक असतो.

धुणं तांदळासारखंच. बादलीत एका वेळी तीन-चार किलो वाळू घ्या, पाणी सोडा, हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता. पाणी नितळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. आठ-दहा वेळा तरी करावं लागतं, कंटाळा करू नका. साबण, सर्फ, फिनेल काहीही लावायचं नाही. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये किंवा बाथरूमच्या जाळीत ओतू नका. वाळू पाइपात बसली की प्लंबरचे पैसे आपल्याकडून मागतील. ते झाडांच्या आळ्यात ओता.

चार फेऱ्यांचं काम

हे काम एका दिवसाचं नाही, चार आठवड्यांचं आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत खडे थोडे थोडे काढायचे, चौथीत वाळू घालायची. मधल्या काळात फिल्टरच्या स्पंजवर जीवाणू वाढतात आणि खड्यांचं काम स्वतःकडे घेतात. खड्यांवरच वाळू ओतून वेळ वाचवू नका. वाळू फटीतून खाली जाते, खडे वर येतात, आणि सगळी खिचडी होते.

एक नियम पहिल्या दिवसापासून सांगा. काम सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून ते संपल्यावर दोन आठवड्यांपर्यंत फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही. पाणी अगदीच अडत असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. नळाखाली कधीच नाही.

पहिली फेरी. हात साध्या पाण्यानं धुवा, साबण किंवा क्रीम लागलेलं नको. लाईट, मोटर, हीटर यांचे प्लग काढा. हीटर असेल तर प्लग काढल्यावर १५-२० मिनिटं थांबा, मगच पाणी कमी करा. गरम हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो. टँकचे मनातल्या मनात तीन भाग करा. एका बाजूच्या भागातले खडे नळीनं ओढून घाण काढा. नळी तोंडानं ओढू नका, पाण्यात बुडवून भरून घ्या किंवा हातपंपाची नळी वापरा. साधारण पाव टँक पाणी निघेपर्यंत हे करा. मग त्याच भागातले खडे मगानं सावकाश उचला. घाई केली तर तळाची घाण सगळीकडे पसरते. मासे टँकमध्येच राहू द्या, ते दुसऱ्या बाजूला जातात. पाव टँक नवं, क्लोरीन गेलेलं, तेवढ्याच ऊबेचं पाणी हळूहळू भरा. मोटर चालू करा.

काढलेल्या खड्यांपैकी दोन मुठी खडे सुती किंवा जाळीच्या पुरचुंडीत बांधून टँकमध्येच फिल्टरजवळ टांगून ठेवा. हेच ते विरजण.

दुसरी आणि तिसरी फेरी. आठ-आठ दिवसांनी याच पद्धतीनं पुढचा भाग. दरवेळी आधी माशांकडे नीट बघा. वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले लालभडक दिसत असतील तर त्या दिवशी खडे काढू नका. फक्त पाव टँक पाणी बदला आणि आठवडाभर थांबा. तिसऱ्या फेरीनंतर तळ मोकळा दिसेल. तळाला जुनी जाळी असेल तर ती याच वेळी काढायची.

चौथी फेरी, वाळूची. हे काम दुपारी घ्या. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, टबातलं थोडं पाणी पटकन गार पडतं आणि मासे गारठतात. टँकमधलंच पाणी मोठ्या टबात घ्या, मासे जाळीनं त्यात हलवा, हवेच्या पंपाची नळी सोडा आणि वर ओलं कापड झाका. मासे उड्या मारतात. फिल्टरचा स्पंज आणि खड्यांची पुरचुंडीही याच टबात ठेवा. ती कोरडी पडली की जीवाणू मरतात.

टँकमध्ये निम्मं पाणी राहू द्या. धुतलेली वाळू मगात भरून मग थेट तळाशी न्या आणि तिथं हळूच पालथा करा. वरून ओतली तर काचेलाही दणका बसतो आणि पाणीही गढूळ होतं. हातानं थर सारखा करा. मागे थोडा उंच, पुढे उतरता ठेवला तर घाण पुढे जमते आणि काढायला सोपी जाते. नवं पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवा आणि धार ताटलीवर सोडा. ताटली काढा, तास-दोन तास गाळ बसू द्या. मगच मोटर लावा, नाहीतर वाळूचे कण मोटरच्या पंख्यात जाऊन ती घासते. मोटरचं पाणी ओढणारं तोंड वाळूपासून चार बोटं तरी वर ठेवा. शेवटी मासे परत सोडा. पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत थोडं धुरकट दिसेल, घाबरू नका.

पुढचे १५ दिवस

पहिला आठवडा खाणं निम्मं. भुकेनं मासे मरत नाहीत, जास्त खाण्यानं मरतात. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी पाव टँक पाणी बदलायचं. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब माशांच्या दुकानात मिळतात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या ज्या ताईंनी फिल्ड टेस्ट किटवर पिण्याचं पाणी तपासलंय, त्यांना हे दोन मिनिटांत जमेल, रंग जुळवून बघायचा तसंच. दोन्ही शून्याजवळ हवेत. वाढलेले दिसले तर लगेच पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, हवेचा पंप चालू ठेवा आणि एक-दोन दिवस खाणं बंद.

लाईट जाते तेव्हाही लक्ष हवं. फिल्टर काही तास बंद राहिला तर स्पंजमध्ये हवा न मिळून जीवाणू मरू लागतात. लाईट बराच वेळ गेली तर स्पंज काढून टँकच्या पाण्यात मोकळा सोडा आणि मगानं पाणी उचलून वरून टाकत राहा, म्हणजे हवा मिसळते.

खड्यांची पुरचुंडी तीन-चार आठवडे टँकमध्ये ठेवून मग काढा. त्यानंतर आठवड्यातून एकदा वाळूच्या वरचा अर्धा इंच थर गोल काडीनं हलका हलवायचा, नळी वाळूच्या बोटभर वर धरून घाण ओढायची.

जुने खडे, जुनं पाणी आणि नको असलेले मासे

टँकचं काढलेलं पाणी गटारात सोडू नका. त्यात नायट्रेट असतं, परसबागेतल्या मेथी-पालकाला ते चांगलं. पण टँकमध्ये मीठ किंवा औषध घातलं असेल तर ते पाणी भाजीला नको. जुने खडे धुऊन, वाळवून कुंडीच्या तळाला घाला.

खडे बदलताना कुणी म्हणतं, “हा मोठा झालेला सकर मासा धरणात सोडून द्या.” तसं करू नका. सकर हा मुळात दक्षिण अमेरिकेतला मासा. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येऊ लागला आहे. त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. गोदावरीत किंवा गंगापूर धरणात तो वाढला तर पोट आपल्याच भागातल्या मच्छीमार कुटुंबांचं जाईल. मासा दुकानदाराला परत द्यायला सांगा.

पैसे कसे सांगायचे?

इथंच बऱ्याच जणी फसतात. एका दिवसाचा दर सांगितला आणि काम चार फेऱ्यांचं निघालं, की मजुरी अंगावर येते. मग तिसरी फेरी टाळली जाते आणि मासे मरतात. म्हणून हिशेब आधीच कागदावर मांडा.

एक, वाळूची किंमत आणि आणायचं भाडं. दोन, चार फेऱ्या आणि नंतरची एक बघायची फेरी, म्हणजे पाच वेळा जाण्या-येण्याचा खर्च. तीन, दोघींची मजुरी. पहिल्या तीन फेऱ्यांना प्रत्येकी दीड-दोन तास धरा, वाळूच्या दिवसाला अर्धा दिवस. चार, तपासायचे थेंब आणि क्लोरीनचे थेंब. थेंबांची बाटली अनेक टँकना पुरते, म्हणून तिची किंमत वाटून धरा. या सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमचा खर्च. गटाचा वाटा त्यावर.

पैसे दोन भागांत घ्या. निम्मे वाळू आणताना, निम्मे शेवटच्या फेरीला. काम सुरू होण्याआधी मासे मोजा, आजारी असेल तो दाखवून द्या आणि वहीत लिहून घरच्यांची सही घ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवलात तर आणखी बरं. प्रत्येक फेरीची तारीख, किती पाणी बदललं, मासे कसे होते, एवढं एका ओळीत लिहा. पुढं काही विचारणा झाली तर ही वही बोलेल.

कुणी म्हणालं, “एका दिवसात करून द्या, अमका करून देतो,” तर कारण सांगून नकार द्या. ते काम गेलं तरी चालेल. मेलेल्या माशांची बातमी सोसायटीत जितकी लवकर पसरते, तितकी जिवंत माशांची पसरत नाही.

अंगाची काळजी

ओल्या हातानं प्लगला हात लावायचा नाही. वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली पडतं. हातावर जखम, भेग असेल तर रबरी मोजे घाला. टँकच्या पाण्यातले काही जंतू जखमेतून शिरून त्वचेवर न बरी होणारी गाठ करतात. अशी गाठ आली तर डॉक्टरांना टँकचं काम करते हे आवर्जून सांगा. काम झाल्यावर साबणानं हात स्वच्छ धुवा. टँकची नळी, मग, बादली स्वयंपाकाच्या वस्तूंपासून वेगळीच ठेवा. टँकजवळ डासांचा स्प्रे मारला जात असेल तर तेही थांबवायला सांगा.

पुढच्या बैठकीला येताना एकीनं व्हिनेगरची छोटी बाटली आणा, बाकीच्यांनी आपापल्या भागात मिळणारी मूठ मूठ वाळू. विकत मिळते तीच, नदीतली नाही. कुठली फसफसते आणि कुठली शांत बसते ते सगळ्या मिळून बघू, आणि चालणारी वाळू कोणत्या दुकानात, काय भावानं मिळते ते गटाच्या वहीत लिहून ठेवू.